परभाषेच्या अंगणात

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षांपूर्वी मुलाचा हात धरून मराठी शाळेच्या दारात येणाऱ्या पालकाला माध्यमाविषयी काही विचारावेसे वाटत नसे. मूल मराठी बोलते, म्हणून ते मराठी शाळेत जाणार, इतके ते सरळ होते. पुढे प्रश्न आला, तो असा : ‘इथे शिकून इंग्रजी नीट येईल ना?’ आता प्रश्न आणखी पुढे गेला आहे. ‘पलीकडच्या शाळेत स्पॅनिश शिकवतात, मुलांना परदेशी सहलीला नेतात. मराठी शाळेत काय?’ विचारणारा पालक शाळेचा वैरी नसतो. त्याच्या मनात एक भय असते. मुलाला मायबोलीत ठेवले, तेवढ्याने त्याची वाट आखूड तर होणार नाही ना, हे ते भय.

या भयाला मातृभाषेच्या गौरवगीतांनी उत्तर देता येत नाही. ते उत्तर अनुभवातूनच द्यावे लागते. म्हणून आजचा विषय असा : शाळकरी मुले परभाषा प्रवासातून आणि हातच्या निर्मितीतून कशी शिकतात, आणि मराठी शाळेतील मुलाला ती वाट खुली आहे काय. उदाहरणासाठी स्पॅनिश घेतली आहे, कारण पालकांच्या तोंडी आज तिचेच नाव आहे. वीस देशांची ती राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परकीय भाषांची जी नावे घेतली आहेत, त्यांत फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन यांच्याबरोबर तिचेही नाव आहे.

परंतु स्पेनकडे किंवा मेक्सिकोकडे वळण्यापूर्वी थोडे उत्तरेकडे, लखनौला जाणे उपयोगाचे होईल. परभाषेच्या घरी राहायला जाऊन ती शिकणे म्हणजे काय, याचे तीन नमुने त्या एका शहरात आहेत.

पहिला नमुना जुना आहे, आणि तो मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, व्यवसायाने वकील. हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र लिहून काढायचे, तर ते घरी बसून होणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा येथील विद्वानांशी बोलले, ग्रंथ पाहिले. पुढील काही वर्षांत नागपूर, कलकत्ता, हैदराबाद, काशी, प्रयाग, लखनौ, दिल्ली, जयपूर अशी भ्रमंती त्यांनी केली. घराण्यांच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि विद्यार्थ्यांसाठी छापल्या. १९२६ साली लखनौमध्ये मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले, ते त्यांच्याच विचारावर. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

या महाविद्यालयाची धुरा पुढे पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे आली. त्यांच्याकडे १९३६च्या सुमारास बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा राहायला गेला. तो म्हणजे पुढे विख्यात झालेले गायक आणि गुरू पंडित कृ. गुं. गिंडे. सीमाभागातील हा मुलगा लखनौत गेला तो गाणे शिकायला. पण बंदिशींची भाषा ब्रज. अर्थ कळल्याशिवाय शब्दाचा उच्चार सुरात बसत नाही, आणि उच्चार बसल्याशिवाय बंदिश उभी राहत नाही. ती भाषा त्याला ‘विषय’ म्हणून शिकावी लागली नाही. गाता गाता ती कानात आली, गळ्यात उतरली, आणि पुढे त्याच भाषेत त्यांनी स्वतः बंदिशी बांधल्या. परभाषा आली की नाही, याची याहून चोख परीक्षा कोणती?

दुसरा आणि तिसरा नमुना पाहण्यासाठी शहराच्या नैर्ऋत्येला, आलमबागेत यावे लागते. चारबाग स्थानकाच्या पुढे, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा भाग आहे. नवाब वाजिद अली शाह याने आपली बेगम आलम आरा हिच्यासाठी येथे बाग व वाडा उभारला, त्यावरून हे नाव पडले. बागेचे प्रवेशद्वार अजून उभे आहे. १८५७च्या युद्धात ही जागा लढाईचे ठाणे झाली. त्यानंतर रेल्वेचे कारखाने आले, आणि फाळणीनंतर पंजाबी व सिंधी कुटुंबे येथे स्थिरावली. अवधी, उर्दू, हिंदी, पंजाबी, सिंधी अशा भाषा एका बाजारात ऐकू याव्यात, अशी ही वस्ती. २०१७ साली लखनौची मेट्रो प्रथम धावली, तीही आलमबागेवरूनच.

या रस्त्याने पुढे गेल्यावर सिटी माँटेसरी स्कूलची एक मोठी शाखा लागते. १९५९ साली पाच मुलांवर सुरू झालेली ही संस्था आज जगातील सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक म्हणून ओळखली जाते. २००२ साली तिला शांततेच्या शिक्षणासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ही शाळा आपल्या मुलांना ‘सी.आय.एस.व्ही.’ या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय बालशिबिरांना पाठवते आणि लखनौमध्येही अशी शिबिरे भरवते. या शिबिरांची कल्पना डोरिस अ‍ॅलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेची. पहिले शिबिर १९५१ साली सिनसिनाटी येथे भरले. प्रत्येक देशातून अकरा वर्षांची दोन मुले व दोन मुली, सोबत एक प्रौढ व्यक्ती, आणि सुमारे चार आठवड्यांचा एकत्र मुक्काम, अशी त्याची घडण आहे. अकरा वर्षांचे मूल आपल्या घरादाराविषयी बोलण्याइतके मोठे असते आणि पूर्वग्रह पक्के होण्याइतके मोठे झालेले नसते, हा त्यामागचा विचार.

शिबिरात भाषेचा तास नसतो. खेळ असतात, गाणी, चित्रे, नाटुकली असतात. प्रत्येक देशाची एक संध्याकाळ असते. तिच्यात त्या देशाची मुले आपला पोशाख, आपले खाणे, आपला नाच इतरांना शिकवतात. चार आठवड्यांत भाषा येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण भाषेची गरज मात्र निर्माण होते. शेजारच्या पलंगावरच्या मुलाला त्याच्या भाषेत ‘झोप लागली का?’ असे विचारावेसे वाटणे, ही कोणत्याही भाषेच्या अभ्यासाची पहिली पायरी होय. ती पायरी पाठ्यपुस्तक बांधून देत नाही.

मात्र असा परदेशप्रवास सर्वांच्या आवाक्यातला नसतो, आणि मराठी शाळेच्या पालकाच्या मनातील खरी बोच तीच आहे. म्हणून तिसरा नमुना अधिक महत्त्वाचा. आलमबागेहून कानपूरच्या दिशेने आणखी पुढे, अमौसीचा विमानतळ ओलांडल्यावर पिपरसंड हे गाव लागते. तेथे लखनौ जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. नवोदय विद्यालये ही ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी केंद्र सरकारने काढलेली निवासी विद्यालये. १९८५-८६ साली पहिली दोन सुरू झाली, त्यांतील एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे महाराष्ट्रात अमरावतीला. सहावीत परीक्षेने प्रवेश मिळतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात.

या विद्यालयांत स्थलांतराची एक योजना आहे. नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी दुसऱ्या भाषाप्रदेशातील विद्यालयात राहायला जातात. हिंदी प्रदेशातील मुले अहिंदी प्रदेशात, अहिंदी प्रदेशातील मुले हिंदी प्रदेशात. यातील खरी शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. हिंदी प्रदेशातील विद्यालयात ज्या भाषेची मुले पाहुणी म्हणून येतात, ती भाषा तेथील मुलांना तिसरी भाषा म्हणून शिकवली जाते. म्हणजे पाहुणाच यजमानाची भाषा शिकतो असे नाही, यजमानही पाहुण्याची शिकतो. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातले चौदा वर्षांचे मूल वर्षभर परमुलखात राहते, तिथले जेवते, तिथल्या सणात नाचते, स्नेहसंमेलनात परभाषेतील भूमिका करते. त्याच्या घरच्यांच्या ऐपतीचा प्रश्न मध्ये येत नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते, तेव्हा तेथील सोबत्यांकडून ते तमिळ शिकले आणि ‘कुरल’ या तमिळ ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. प्रांताप्रांतांतील मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, यासाठी त्यांनी १९४९च्या पुणे येथील साहित्य संमेलनात आंतरभारतीचा विचार मांडला. ब्रज गाणारा बैलहोंगलचा मुलगा, तुरुंगात तमिळ शिकणारे गुरुजी आणि नवोदयातील नववीचे मूल या सर्वांची रीत एकच. त्यांना शब्द आधी पाठ करावे लागले नाहीत. आधी माणसे भेटली, हाताला काम मिळाले, आणि त्या कामाच्या ओघात शब्द आले.

आता स्पॅनिशकडे वळू. स्पॅनिश भाषेच्या प्रदेशात याच रीतीने रुजलेला एक मराठी माणूस आहे. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. ते वर्ध्याचे. स्वातंत्र्याच्या ध्यासाने तरुणपणीच देश सोडून ते जपानमार्गे अमेरिकेत गेले. तेथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या उभारणीत पुढे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर मायदेशाची दारे बंद झाली, आणि १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते अध्यापक झाले. शिकवायचे होते मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या मुलांना, तेही मक्याच्या पिकाविषयी. ते स्पॅनिशमध्येच शिकवावे लागले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा उभारण्यास साहाय्य केले, मक्याचे नवे वाण विकसित केले आणि त्यांविषयी स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा याने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र काढले आहे. त्यात भोजनाच्या मेजावर सर्वांना भाकरी वाटून देणारी जी व्यक्ती आहे, ती खानखोजे यांच्यावरून रंगवलेली आहे. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार महिलेने त्यांच्या कृषिशाळांची छायाचित्रे घेतली. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

वर्ध्याकडचा एक मराठी तरुण प्रौढ वयात स्पॅनिश शिकतो आणि त्या भाषेत शेतकऱ्यांचा शिक्षक होतो. मायबोलीमुळे त्याची वाट अडली नाही. उलट, मराठी ही स्पॅनिशकडे जाण्याची चांगली वाट आहे. हे अभिमानापोटी म्हटलेले नाही, ते व्याकरणातून पडताळून पाहता येते.

पहिली गोष्ट उच्चाराची. स्पॅनिशमध्ये आ, ए, इ, ओ, उ असे पाच स्वच्छ स्वर आहेत आणि लिहिल्याप्रमाणे ते उच्चारले जातात. तिचे त आणि द दातांना जीभ लावून म्हटले जातात, मराठीसारखे. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याची जीभ तेथे ट आणि ड यांच्याकडे ओढली जाते. मराठी मुलाला ती अडचण नाही. ‘मुलगी’ या अर्थाचा ‘नीन्या’ हा शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिहिता येतो. एक वर्ण मात्र परका वाटेल. घशातून घासत येणारा ‘ख़’. पण लखनौच्या बाजारात ‘ख़त’ आणि ‘ख़बर’ ऐकलेल्या मुलाला तोही परका राहत नाही.

दुसरी गोष्ट वाक्याची. इंग्रजीत ‘आवडणे’ या क्रियेचा कर्ता माणूस असतो. मराठीत तसे नाही. आपण म्हणतो, ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्येही नेमके असेच आहे : ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीतून शिकणारे मूल येथे अडखळते. मराठी मुलाला एवढेच सांगावे लागते, ‘आपल्यासारखेच आहे.’ ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ हा विशेषणाचा बदल तिथेही आहे : ‘नीन्यो बुएनो, नीन्या बुएना’. आणि मराठीत तीन लिंगे सांभाळणाऱ्याला स्पॅनिशच्या नामांची दोनच सांभाळायची आहेत. ‘मी’ हा शब्द न म्हणता नुसते ‘जातो’, ‘येते’ म्हणण्याची सोयही तिथे आहे. जवळच्या माणसाला एक संबोधन आणि मान्यवराला दुसरे, हा भेदही आहे. गंमत अशी की जवळच्या माणसासाठी स्पॅनिशमध्ये जे संबोधन आहे, त्याचा उच्चार ‘तू’ असाच आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची. सात म्हणजे सिएते, नवा म्हणजे नुएवो, दात म्हणजे दिएन्ते, नाव म्हणजे नोम्ब्रे, देव म्हणजे दिओस. संस्कृत आणि लॅटिन एकाच प्राचीन कुळातल्या, म्हणून हे साम्य. याशिवाय एक दुसरा प्रवास आहे. इसवी सन ७११पासून १४९२पर्यंत स्पेनच्या लहानमोठ्या भागांवर अरबी भाषा बोलणाऱ्यांची सत्ता होती. भारतातून इराणात, तेथून अरबस्तानात आणि पुढे स्पेनमध्ये अनेक वस्तू गेल्या, त्यांबरोबर शब्दही गेले. शर्करा ‘आसूकार’ झाली, नारिंग ‘नारान्ख़ा’ झाले. चतुरंगाचे शतरंज झाले आणि स्पेनमध्ये तेच ‘आख़ेद्रेस’ झाले. वाजिद अली शाहच्या लखनौवर प्रेमचंदांनी ‘शतरंज के खिलाड़ी’ ही कथा लिहिली. त्या कथेतील पट आणि माद्रिदच्या एखाद्या उद्यानात मांडलेला पट यांच्या नावांचे मूळ एकच आहे. ‘तसे होवो’ या अर्थाने स्पॅनिश माणूस ‘ओख़ाला’ म्हणतो. ‘अल्लाने इच्छिले तर’ अशा अर्थाच्या अरबी वाक्यातून तो शब्द आला आहे, आणि त्याचे भावंड आलमबागेत रोज ऐकू येते.

उलट दिशेनेही माल आला. मका, मिरची, टोमॅटो, बटाटा, भुईमूग, पेरू, सीताफळ, चिकू ही सर्व अमेरिका खंडाची देणगी. टोमॅटो आणि चिकू ही नावे तर मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेली. ‘बटाटा’ आणि ‘पगार’ हे शब्द मराठीला पोर्तुगीजने दिले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणजे स्पॅनिश शिकण्यासाठी करायचा पहिला प्रवास शाळेपासून भाजीबाजारापर्यंतचा असू शकतो.

येथे ‘प्रवास’ या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. पूर्वतयारीशिवाय केलेली परदेशी सहल म्हणजे बहुधा बसच्या खिडकीतून पाहिलेला देश. मुलांशी बोलणारा मार्गदर्शक इंग्रजी बोलतो, हॉटेलात इंग्रजी चालते, दुकानात बोटाने दाखवून खरेदी होते. दहा दिवसांत स्पॅनिशची दहा वाक्येही गरजेने बोलावी लागत नाहीत. शिवाय वर्गातील मोजकी मुले जातात आणि उरलेली त्यांची छायाचित्रे पाहतात. भाषा शिकवण्याऐवजी शाळेने त्या वर्गात एक भिंत बांधली, असे होते. जी शाळा साठ वर्षे सर्व थरांतील मुलांना एका बाकावर बसवत आली, तिने परभाषेच्या निमित्ताने ते बाक मोडू नये.

मग मराठी शाळेने काय करावे? लखनौच्या तीन नमुन्यांतून आणि खानखोजे यांच्या चरित्रातून चार गोष्टी हाती लागतात : तयारी, गरज, निर्मिती आणि नित्य सराव. त्यांवर सातवी-आठवीसाठी दोन वर्षांचा उपक्रम आखता येतो. मराठी, हिंदी, इंग्रजी या तीन भाषांचा भार मुलांवर आधीच आहे. त्यामुळे या उपक्रमास गुण नसावेत. आठवड्याला दोन तास, शाळा सुटल्यावर, ज्याला यायचे त्याला दार उघडे, आणि शुल्क नाही.

पहिल्या सहामाहीत बाजाराची फेरी. मुलांनी भाज्यांची आणि फळांची मराठी नावे लिहावीत, ती वस्तू कोठून आली हे शोधावे आणि स्पॅनिश नाव देवनागरीत लिहावे. त्यातून वर्गाचा चित्रमय शब्दकोश तयार होईल. दुसऱ्या सहामाहीत स्वयंपाक. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याच्या पातळ भाकऱ्या करतात. त्यांना तोर्तिया म्हणतात. भाकरी थापणाऱ्या आईला या वर्गात शिक्षिकेचा मान मिळेल, आणि मुले ‘आग्वा’, ‘साल’, ‘माईस’ हे पाणी, मीठ आणि मका यांचे शब्द हात पिठात असतानाच शिकतील. तिसऱ्या सहामाहीत बाहुल्यांचे नाटुकले. बाजारातील घासाघीस, हरवलेली पिशवी, आजारी बैल, असे आपल्याच जीवनातील प्रसंग, पण संवाद स्पॅनिशमध्ये. बाहुली बोलते तेव्हा चुकण्याची लाज बाहुलीला वाटते, मुलाला नाही. चौथ्या सहामाहीत पत्रे आणि हस्तलिखित. स्पॅनिश बोलणाऱ्या देशातील एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार, आणि अखेरीस मराठी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत मुलांनी लिहिलेले, चित्रे काढलेले एक हस्तलिखित. गुणपत्रिकेऐवजी तेच या उपक्रमाचे फलित.

प्रवासही हवाच, पण तो सर्वांना झेपणारा. स्पेन सरकारची इन्स्तित्यूतो सेर्वान्तेस ही संस्था २००९पासून नवी दिल्लीत आहे. तेथे ग्रंथालय आहे, चित्रपट दाखवले जातात, आणि स्पॅनिश माणसांशी प्रत्यक्ष बोलता येते. ‘देले’ या परीक्षेत शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. ज्याला पुढे जायचे असेल, त्याला तोही मार्ग मोकळा आहे. एका वर्गाची दिल्लीची रेल्वेसहल माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशक्य नाही. परतीच्या वाटेवर लखनौला उतरून भातखंडे यांचे विद्यापीठ पाहावे, आलमबागेच्या बाजारात उर्दू शब्दांची स्पॅनिश भावंडे शोधावीत.

शिक्षक कोठून आणायचा, असा प्रश्न निघेल. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग अनेक वर्षे काम करतो आहे. तेथे शिकलेली मराठी मुले-मुली आज ठिकठिकाणी आहेत. लखनौमध्ये इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचे केंद्र आहे. परंतु सर्वांत जवळचे शिक्षक या सभागृहातच बसलेले असू शकतात. नोकरीनिमित्त स्पॅनिशभाषी देशांत राहिलेल्या माजी विद्यार्थ्याने महिन्यातून एक तास संगणकाच्या पडद्यावरून मुलांशी बोलण्याचे ठरवले, तर मुलांच्या वाक्याची वाट पाहणारे एक माणूस पलीकडे मिळेल. परभाषेचे वाक्य पुरे करण्याचे बळ मुलाला त्यातूनच मिळते.

हे सारे करताना एक गोष्ट सांभाळावी. मराठी वाचन, मराठी लेखन, मराठी नाटक यांना कात्री लावून स्पॅनिशला जागा करू नये. ज्या मुलाला ‘मला आवडतो’ आणि ‘मला आवडतात’ यांतील भेद मराठीत उमगला आहे, त्यालाच तो स्पॅनिशमध्ये लवकर उमगतो. मायबोलीचा पाया कच्चा ठेवून चढवलेली परभाषेची माडी फार दिवस टिकत नाही. आणि पाया पक्का असेल, तर वर्ध्याचा माणूस चापिंगोच्या शेतात उभा राहून परक्या मुलांना त्यांच्याच भाषेत मक्याविषयी शिकवू शकतो.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी पालकाने पुन्हा तो प्रश्न विचारला, तर त्याला असे सांगता यावे : या शाळेत मूल मराठीत शिकते, आणि त्याच मराठीच्या अंगणातून ते परभाषेच्या अंगणात जाते. त्यासाठी घरची ऐपत पाहिली जात नाही. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांकडे मागणे आहे ते एवढेच : महिन्याचा एक तास, आणि एका वर्गाच्या रेल्वेभाड्यास थोडा हातभार. पालकांकडेही एक मागणे आहे. मुलाने संध्याकाळी घरी येऊन मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये पाणी मागितले, तर त्याला हसू नये. पाणी द्यावे, आणि तो शब्द आपणही एकदा उच्चारून पाहावा.